स्कोअरशीटवरचं आडनाव

माझ्या हातून निसटलेला चेंडू टप्पे खात गेला आणि थेट एका माणसाच्या हातातल्या चहावर आदळला. पांढरा शर्ट पार चहाचा झाला. हाय रे देवा! जालन्यात शिबिराला येऊन मला पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

“सॉरी सर... भाजलं का हो?”

“चहाचं जाऊ द्या मॅडम,” तो शर्ट झटकत म्हणाला. “नेम मात्र बराबर आहे. तुमच्या पोरी जिंकणार!”

तो हरिओम सर. पिंपळगाव रेणुकाईचा, तिकडेच एका शाळेत खेळाचा शिक्षक. मी आष्टीची शीतल मॅडम, माझंही काम तेच. जिल्ह्यातल्या हायस्कुलांतून बास्केटबॉलच्या चोवीस मुली निवडल्या होत्या. त्यांचे दोन संघ, उत्तर आणि दक्षिण. तीन दिवस सराव, चौथ्या दिवशी सामना. दक्षिण संघ माझ्याकडे होता आणि सामन्याचे गुण लिहायला हरिओम सर.

दुसऱ्या दिवशी श्रावणातली भुरभुर आली आणि मैदान ओलं झालं. मी पोतं घेऊन पुसायला वाकले, तर पोत्याचं दुसरं टोक त्याच्या हातात.

“सर, तुम्हाला दुसरं काम न्हाई का?”

“आहे ना. पण ते इथूनच नीट दिसतं.”

मी खाली मान घालून इतकं पुसलं, इतकं पुसलं... की मैदान कोरडं झालेलं मला कळलंच नाही. खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवसापर्यंत मी पुरती गेले होते कामातून.

चौथ्या दिवशी सकाळी तो टेबलावर स्कोअरशीट भरत बसला होता. “पूर्ण नाव सांगा मॅडम. शीतल...?”

“शीतल रामराव वाघ.”

पेन थांबलं. “वाघ?”

“हो. का?”

“मी पण वाघच आहे,” तो हळूच म्हणाला. “हरिओम भागवत वाघ.”

आम्हा मास्तरांना शाळेत आडनाव नसतंच. शीतल मॅडम, हरिओम सर, एवढ्यावर अख्खी नोकरी निघते. तीन दिवस मी त्याच्याकडे बघत राहिले आणि आडनाव विचारायचं सुचलं नाही! एक आडनाव म्हणजे भावकी. भावकी म्हणजे भाऊ. आणि राखी तर आठ दिवसांवर आली होती.

“मंग... ताई म्हणावं लागतं की काय?” तो हसला, पण ते हसू ओठांवरच अडकलं.

मी आडोशाला जाऊन आईला फोन लावला. “आई, पिंपळगाव रेणुकाईचे वाघ आपले कोण?”

“कोण म्हंजी? भाऊबंदच असतील. देवक एक निघालं की संपलं. काहून विचारून राह्यली?”

“उगंच,” म्हणून मी फोन ठेवला.

देवक म्हणजे लग्नात मांडवाला पुजतात ते कुळाचं झाड, पान नाहीतर पीस. ते एक निघालं, की सोयरीक बंद. वेगळं निघालं तर मात्र... पण विचारायचं कसं? देवक काही कुणी सहज विचारत नाही. विचारलं, की मनातलं सांगितलंच म्हणून समजा.

सामना सुरू झाला. टाइमआउट हवा असेल तर टेबलाजवळ जाऊन मागावा लागतो, आणि टेबलावर तो! पहिल्या अर्ध्यात आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो, म्हणून निभावलं. दुसऱ्या अर्ध्यात पोरींना धाप लागली. मी दोनदा टेबलाकडे निघाले आणि दोनदा मागे फिरले. त्यानं वर बघून खरंच ‘ताई’ म्हटलं तर? आडनाव वाघाचं आणि काळीज सशाचं!

“मॅडम, टाइमआउट घ्या ना!” वडीगोद्रीची आकांक्षा, माझी कॅप्टन, मैदानातून ओरडली. “दम संपला पोरींचा!”

“खेळा, खेळा... बराबर चाललंय!”

कुठलं बराबर! नऊची आघाडी बघता बघता गेली. शेवटच्या क्षणी आमच्या मोनालीनं टाकलेला चेंडू रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला. एक्केचाळीस-बेचाळीस. आम्ही एका गुणानं हरलो.

आकांक्षाचे डोळे लाल झाले होते. “तीन टाइमआउट तसेच राह्यले, मॅडम. कोणाला भिऊन राह्यल्या होत्या तुम्ही?”

“चुकी माझी आहे गं पोरींनो,” एवढंच म्हणाले. तिच्या पाठीवरून हात फिरवताना मला स्वतःची लाज वाटली. भिऊन गप्प बसले आणि पोरींचा सामना घालवला. आता तसंच गप्प गाडीत जाऊन बसले, तर हाही माणूस जाणार.

मी टेबलाकडे चालू लागले.

“सर... एक विचारायचं होतं.”

“मला पण.” त्यानं मान वर केली नाही. “तुम्ही पहिले.”

“न्हाई, तुम्ही.”

“तुमचं देवक...” दोघंही एकदमच बोललो. त्याचे कान लाल झाले. माझे तर जळतच होते.

विचारलं म्हणजे कबूलच केलं. आता राहिलं ते फक्त उत्तर. पण तोंड कोण उघडणार? त्यानं वहीचा कागद फाडून अर्धा माझ्याकडे सरकवला. “लिहा. मी पण लिहितो. बोलायची हिंमत न्हाई माझी.”

मी आमच्या कुळाचं झाड, ‘कळंब’, लिहिलं आणि चिठ्ठ्या बदलल्या. मी त्याची घडी उघडली. एकच शब्द होता आत. तोही ‘कळंब’च निघाला असता तर मी काय केलं असतं, देव जाणे.

‘मोरपीस.’

“वेगळं आहे...” मी पुटपुटले. “वेगळं आहे!” या वेळी सगळ्या मैदानानं ऐकलं.

तो खुर्चीत मागे रेलला. “सकाळपासून जीव टांगणीला लागल्ता. शीतल, मला तुम्ही आवडता. लई आवडता.”

“मला पण,” मी म्हणाले. “तुम्ही.”

“मंग... पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन येऊ का आष्टीला?”

“पुढच्या महिन्यात? अन् तोवर मी रोज अशीच भिऊन राहू?” मी त्याचं पेन हिसकावलं आणि त्याच्या तळहातावर माझ्या बापूंचा नंबर लिहिला. “रविवारीच या!”