बुजवलेल्या विहिरीतली मेंढरं

मोबाईल आधी पालथे ठेवा. उजेड नको. आणि मधेच कुणी फिदीफिदी हसलं तर गोष्ट बंद. ही आपल्याच मुकुंदवाडीतल्या सोनाजीची गोष्ट आहे. खोटी वाटली तर उद्या त्यालाच विचारा. तो उठून निघून जाईल, तेच उत्तर समजा.

साल दोन हजार एकोणीस, वैशाखातली सोमवती अमावास्या. दुष्काळ असा की नळ नुसते शोभेला उरलेले. सोनाजी जेवणाचा डबा घेऊन मोटरसायकलवर चितेगावकडे निघाला. त्याचा धाकटा भाऊ अजिनाथ तिकडं रात्रपाळीला जेसीबी चालवायचा. अजिनाथची बायको रत्नमाला पोटुशी होती, दिवस भरत आलेले. डबा देताना म्हणाली, "भावजी, यांना संगंच घिऊन या. माझं मन लई घाबरं झालंय."

"आणतो की. तू नीज," सोनाजी म्हणाला.

दोघे भाऊ मूळचे मेंढपाळ. आधीच्या एका दुष्काळात कळप मोडला आणि शहरात आले. त्याच दुष्काळात त्यांचा चुलतभाऊ कडूबा मेंढरं घेऊन चितेगावच्या अंगाला गेला, तो परतलाच नाही. पाण्यामागं गोदाकाठी गेला असेल, असं म्हणून लोकांनी विषय सोडला. लोकांना काय, बोलायला काय जातंय!

अजिनाथचं काम होतं एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या जागेवर. तिथली माती जांभळट लाल, गवतसुद्धा धरायचं नाही. शहर वाढत वाढत तिथवर पोचलं आणि कंपाउंडवर फ्लॅटची पाटी लागली. नियमानं ती विषारी माती खरवडून लांब नेऊन पुरायची होती. पण बिल्डरचा माणूस पुंडलिक मोठा हुशार! आवारातच कारखान्याची जुनी विहीर होती. माती तिच्यात ढकला, वर मुरूम टाका, वर हिरवळ लावा. दिवसा लोक बघतात म्हणून हे सगळं रात्री. कारखाना चालू होता तेव्हा हाच पुंडलिक तिथल्या पहारेकऱ्यांचा मुकादम होता.

सोनाजी पोचला तेव्हा विहीर निम्मी बुजली होती. अजिनाथनं मशीन बंद केलं. सगळं गप्प झालं. आणि विहिरीतून आवाज आला.

ब्यां...

"दादा, ऐकलंस?"

सोनाजीनं ऐकलं होतं. भुकेलं मेंढरू वेगळं ओरडतं, तहानेलं वेगळं. हे तहानेलं होतं.

मेंढपाळाची एक रीत असते. मेंढरू तहानेनं ओरडलं की हाळी द्यायची. आणि हाळी दिली की पाणी पाजल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. हाळी म्हणजे शब्द दिला. सोनाजीचा जन्म त्यात गेलेला. कुठं उभे आहोत, आवाज कुठून येतोय, काही मनात यायच्या आत त्याच्या तोंडून लांबलचक हाळी निघून गेली.

"ह्योऽऽ... ह्योऽऽ..."

विहीर गप्प झाली.

मग खुरं वाजली. मातीखालून. वर येताना.

पत्र्याच्या खोलीतून पुंडलिक लोखंडी पाइप घेऊन धावत आला. अंधारात त्याला माणूस दिसला नाही, नुसती हाळी ऐकू आली होती. त्याचा आवाज चिरकला. "कडूबा? मेंढरं मेली आमच्या पाण्यानं, म्हणून बोंबलत होतास ना! डोकं फोडून तुला त्यांच्यासंगट ह्याच विहिरीत गाडलं... तरी आलास?"



विहिरीच्या काठावरून माती ढासळली. लाल, ओली पाठ वर आली. मग दुसरी. मग मोजता येईनात. पुंडलिकनं पाइप फिरवला. एकदाच. मेंढरांनी त्याच्या छातीवर धडक दिली. तो पडला. ती थांबली नाहीत. त्याच्या अंगावरून गेली, वळली, पुन्हा गेली. हाडं मोडल्याचा आवाज... मग किंचाळणं... मग तेही नाही.

मग ती जेसीबीकडं वळली. अजिनाथ केबिनमध्ये चढला होता. पहिल्या धडकेला काच फुटली. दुसरीला दार वाकलं.

"दादाऽ! दादा, वाचीव!"

पाणी. हाळी दिली होती. पाणी द्यायला पाहिजे होतं.

कोपऱ्यात कामाचा टँकर उभा होता. सोनाजी पळाला, पडला, गुडघे फोडून उठला. दगडानं तोटी ठेचून काढली. धार सुटली. धडका थांबल्या. अंधारात नुसता चटाचटा पिण्याचा आवाज. सोनाजी डोळे मिटून उभा. ओली लोकर पोटऱ्यांना घासत होती... एकामागून एक... जात होती.

टँकर संपला.

अगदी जवळ, एकच आवाज आला. ब्यां...

एक राहिलं होतं.

सोनाजीनं भावाला ओढून गाडीवर घातलं आणि पाठ फिरवली.

पोलिसांनी पुंडलिकचा मृत्यू मशीनखाली सापडून झाला असं लिहिलं. फ्लॅट झाले, हिरवळ लागली, लोक राहतात. अजिनाथ जगला. पण ते दोघं पहाटे घरी पोचले तेव्हा ओसरीवरचा रांजण, रत्नमालेनं झोपताना काठोकाठ भरलेला, पार कोरडा होता. फरशीवर एकाच मेंढराच्या खुरांचे ओले, लाल ठसे. ओसरीवरून उंबऱ्यावर... उंबऱ्यावरून आत... पोटुशी रत्नमाला निजली होती त्या खाटेपर्यंत. मेंढरू मात्र घरात कुठंच नव्हतं.

परत फिरलेला ठसा... एकही नव्हता.