नीव्हेसची पिंपं

मोडेनाच्या परिसरात द्राक्षरसाचा काळा शिरका चाखणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या जिभेशी कोणी वाद घालत नाही. चमचाभर रस तोंडात घेतला की तो तुतीच्या लाकडाच्या पिंपात मुरलाय की चेरीच्या, आटवताना तळाला लागला होता का, मालकाने घाई केली का, हे मला कळतं. जे कळत नाही ते मी कळलं म्हणून सांगत नाही. तेव्हा इव्होन मोंतोर्सींच्या माळ्यावर जे झालं, ते चाखलं तसंच सांगते.

पानारो नदीच्या पलीकडे, चेरीच्या बागांमध्ये त्यांचं घर आहे. माळ्यावर पिंपांची एक रांग, मोठ्यापासून लहानापर्यंत. मुलगी जन्मली तेव्हा इव्होनबाईंनी ती मांडली, आमच्याकडे मांडतात तशीच, मुलीने सासरी न्यावी म्हणून. मुलीचं नाव नीव्हेस. लग्न ठरलेलं असताना ती धुक्यात स्कूटरवरून येत होती, ती घरी पोचलीच नाही. पिंपं राहिली. त्यांतला थेंबही इव्होनबाईंनी कधी कोणाच्या ताटात पडू दिला नाही.

दर हिवाळ्यात, जानेवारीअखेरची सान जेमिन्यानोची जत्रा आटोपली की मी तिथे जायची. वर्षभरात लाकडातून रस उडून जातो. मग सगळ्यांत लहान पिंपाची तूट शेजारच्या मोठ्यातून भरायची, त्याची त्याहून मोठ्यातून. काम झालं की खाली रश्श्यातले, सारण भरलेले तोर्तेल्लीनी आणि लांब्रुस्को वाइनचा पेला.

एका हिवाळ्यात लहान पिंपात तूट नव्हती. रस उलट चढला होता.

"कोणीतरी ओतलंय," मी म्हणाले.

"कोण ओतणार?" इव्होनबाई जिन्यावरूनच म्हणाल्या. "मी तर माळा चढत नाही. आणि आमच्या ग्वेर्रीनोला शिरका आणि मोटारीचं तेल यांतला फरक तरी कळतो का?"

ग्वेर्रीनो हा त्यांचा मुलगा. बोलोन्यात गाड्यांचं दुकान चालवतो.

मी चाखलं. जुना, दाट रस मला पाठ होता. हा पातळ होता, घशात बोचणारा, पोरवयाचा. मी पिंपाचं तोंड कापडाने बांधलं, कडेने मेण ओतलं आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटवला.

पुढच्या हिवाळ्यात ठसा जसाच्या तसा होता. रस आणखी चढला होता आणि आणखी कोवळा झाला होता. मी थोडा बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिला. तिथल्या माणसाने विचारलं, "बाई, हा यंदाचाच आहे ना?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मुरलेला रस कोवळा होत नाही. हे मला माहीत होतं, आणि माझ्या जिभेवर तर तो कोवळाच होता.

खाली आल्यावर इव्होनबाईंना तसं सांगितलं. त्या पोळपाटावर तोर्तेल्लीनी वळत होत्या. हात थांबले नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "नीव्हेस आता शाळेत जायला लागली असेल."

बाई वेडसर नव्हत्या. भाजीवाल्याला त्या अजून वजनात फसवू देत नसत.

त्यानंतरच्या वर्षी लहान पिंपात शिरका नव्हताच. नुसता आटवलेला द्राक्षरस होता, गोड, कालच कढईतून काढल्यासारखा. माळ्याच्या खिडकीवर बर्फ साचलं होतं. मी पिंपावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं.

ग्वेर्रीनोने मला अंगणात गाठलं. "आर्मिदाबाई, आईचं काही खरं नाही. जुना पाळणा धुऊन उन्हात ठेवलाय तिने. मी घर बंद करून तिला बोलोन्याला नेतो. पिंपं विकत घ्यायला रेज्जो गावचा एक माणूस तयार आहे. तुम्ही रस चांगला आहे म्हणालात की तो नेईल."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर ओतून टाकायचा. पण तुम्ही खोटं बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे."

"नाही बोलणार," मी म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यात चाखून सांगते."

ठरल्या दिवशी मी गेले तेव्हा रेज्जोच्या माणसाचा टेम्पो अंगणात उभा होता, इंजिन चालू ठेवून. ग्वेर्रीनोच्या हातात दोरखंड होते. इव्होनबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. रडत नव्हत्या, भांडत नव्हत्या. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "तू चाखशील तेच खरं. माझं काही म्हणणं नाही."

मी वर गेले. दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं. मोठ्या पिंपांना नेहमीचा आंबूस, लाकडी वास होता. ती मी एकेक चाखली. सगळी उत्तम होती. मग लहान पिंपाजवळ गुडघे टेकले.

गेल्या खेपेला मी पुन्हा ओतलेलं मेण अखंड होतं. ते मी नखाने सोडवलं.

कापड उचललं आणि वाकले.

द्राक्षांचा वास नव्हता. लाकडाचाही नव्हता.

दुधाचा होता. अंगावरच्या दुधाचा. मला दोन मुलं झाली आहेत, त्या वासात माझी चूक होणार नाही.

चमचा मी पिशवीतून काढला होता. तो तसाच परत ठेवला.

कापड पुन्हा पसरलं. कडा नीट आत खोचल्या, हवा लागणार नाही अशा.

खालून ग्वेर्रीनोची हाक आली. मग जिन्यावर त्याचे बूट वाजले. मी पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन हाताने त्याला थांबवलं.

"काय सांगू त्याला?" त्याने मोठ्याने विचारलं. "चांगला आहे ना?"

"टेम्पो परत पाठव," मी म्हणाले. "आणि हळू बोल."