चौऱ्याण्णव पायऱ्यांवरचं निशाण

आमच्या टेकडीवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची खुशाली विचारायला एक मंडळ आहे. त्यात मी नऊ वर्षं काढली. हिरवं जाकीट, दंडाला पट्टी, हातात वही. सेवा म्हणे! निम्म्यांना घरी करमत नव्हतं आणि उरलेल्यांना शहरपत्रिकेत फोटो हवा होता. मीही काही वेगळी नव्हते. नवरा गेल्यावर कुणीतरी ‘किती करता हो’ म्हणावं, एवढीच माझी हौस.

दर मंगळवारी मला तोमिए आजींकडे जावं लागे. चौऱ्याण्णव पायऱ्या. आजी दारातच उभ्या असायच्या. आत चहाचे दोन कप आणि खारवलेल्या आंबट उमे फळांची वाटी मांडलेली. मग मच्छीबाजारातली तीच ती जुनी हकीगत. निघायला लागलं की माझी बाही धरायच्या.

“बस ना गं जरा, नाओए. एवढ्यात कुठे?”

“पुढच्या मंगळवारी बसते हं, आजी,” मी म्हणायचे आणि सटकायचे.

मग आमचे अध्यक्ष सेनो यांना अक्कल सुचली. हे निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही सगळी टेकडी म्हणजे यांचा वर्ग. त्यांनी प्रत्येक म्हाताऱ्याला एक पिवळं निशाण वाटलं. सकाळी आठला व्हरांड्यात लावायचं, संध्याकाळी पाचला गावच्या कर्ण्यावर रोजचं गाणं वाजलं की आत घ्यायचं. निशाण दिसलं म्हणजे माणूस ठीक.

“म्हणजे वर चढायला नको?” मी विचारलं.

“तेच तर! खालच्या रस्त्यावरूनच वहीत खूण करायची.”

मला इतका आनंद झाला की खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

आजींनी आपल्या निशाणाला लाल लोकरीचा गोंडा लावला होता. तो लांबूनही ओळखू यायचा. पाऊस, बर्फ, नववर्षाची सुट्टी, एकही दिवस चुकला नाही. एप्रिलमध्ये सेनोंनी जाहीर केलं की वर्षभर खाडा नाही म्हणून आजींना मानपत्र द्यायचं. एका दुपारी मिठाईचा डबा आणि फोटोवाला घेऊन आम्ही वर चढलो. निशाण डुलत होतं. दार आतून बंद होतं.

आधी वास आला.

पोलिसाने येऊन दार तोडलं. आजी खालून ऊब देणाऱ्या बैठ्या मेजाशी बसलेल्या होत्या, त्याची रजई कमरेपर्यंत ओढलेली. मेजावर दोन कप. भिंतीवर कॅलेंडरचं डिसेंबरचं पान.

“चार महिने तरी झाले असतील,” पोलीस म्हणाला.

“मग... निशाण कोण लावत होतं?” मी विचारलं.

“शेजारी लावत असतील,” सेनो पुटपुटले. शेजार कसला, कपाळ! वरची सगळी घरं ओस पडलेली.

तेवढ्यात पाचचं गाणं वाजलं. आम्ही सगळे आतच उभे होतो. गाणं संपलं तेव्हा व्हरांड्यातली काठी रिकामी होती आणि निशाण आजींच्या मांडीशी होतं, नीट घडी घातलेलं.

सेनोंनीही ते पाहिलं. त्यांनी मानपत्र गुपचूप खिशात घातलं. पुढच्या सोमवारी योजना पुन्हा सुरू.

यंदा मला पंच्याहत्तर झाली, तर हे महाशय माझंही निशाण घेऊन हजर. मी ते तसंच खणात कोंबलं. आठवड्याने मंडळातली किकुनो भेटली.

“नाओएताई, तुमचं निशाण रोज सगळ्यांच्या आधी लागतं हं!”

घरी येऊन पाहिलं. व्हरांड्यात पिवळं निशाण होतं. त्याला लाल लोकरीचा गोंडा होता. मी ते स्टोव्हमध्ये जाळलं. सकाळी पुन्हा जागेवर.

मी सेनोंना फोन केला. “माझं निशाण हिशेबात धरू नका. वर या, बेल वाजवा.”

“अहो, निशाण असताना बेल कशाला? चाळीस पायऱ्या आहेत तुमच्या!”

परवा न्हाणीघरात पाय घसरला. कंबरच गेली, उठवत नाही. माझा आवाज रस्त्याकडच्या उघड्या खिडकीपर्यंतही पोचत नाही. आज मंगळवार. सकाळी आठला खालच्या रस्त्यावर जाकीटवाले थांबले. मी हाताला लागला तो डबा फरशीवर आपटला, पुन्हा पुन्हा आपटला.

“वर काहीतरी वाजतंय...” किकुनोचा आवाज आला. “जाऊन बघू या का?”

माझा सगळा जीव कानांत गोळा झाला.

“कशाला?” सेनो म्हणाले. “त्या काय, स्वतःच उभ्या आहेत व्हरांड्यात. हात करतायत, बघा.”

सगळ्यांनी हौसेने हाका मारल्या, वहीत खूण केली आणि ते पुढच्या घराकडे निघून गेले.

व्हरांड्याचं दार सरकलं. आतल्या खोलीत आता कुणीतरी कप मांडतंय. एक कप वाजला. मग दुसरा.