लूमवालेनच्या कुरणावर गाय आली

इंटरनेटवर आमच्या स्वार्तवाल बँडचा इतिहास पाच-सहा जणांनी लिहून ठेवलाय. मला एकानेही विचारलं नाही. त्या सगळ्यात एकच गोष्ट खरी आहे. माझा भाऊ आल्वार मेला.

बाकीचं मी सांगते, कारण मी तिथे होते.

ऑक्टोबर १९९४. शनिवारची दुपार. स्वीडनमधल्या हेर्येदालेनच्या जंगलातलं आमचं कुरण, लूमवालेन. ना अंधार होता, ना धुकं. सगळं लख्ख दिसत होतं, हेच तर वाईट.

त्या काळात आमच्यासारखी ब्लॅक मेटल वाजवणारी पोरं तोंडाला पांढरं फासून घसा फुटेस्तोवर किंचाळायची. आमच्याकडे किंचाळणारं कुणी नव्हतं. आल्वार गिटार वाजवायचा, स्तेलान ड्रम, आणि मी गुरांना हाक मारायचे. खरंच. चरायला गेलेली गुरं घरी बोलवायची ती बायकांची उंच, लांब हाक. हिल्मा मावशीने शिकवलेली. गिटारच्या गदारोळातून ती वर आली की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

सगळ्यांच्या नाही. स्टॉकहोमच्या कार्यक्रमात लोकांनी आमच्यावर दुधाचे खोके फेकले.

"गवळणबाई, धार काढायची राहिली की," पुढून एकजण ओरडला.

मला हसू आलं. आल्वारला नाही. परतताना गाडीत तो म्हणाला, "पुढच्या रेकॉर्डवर खरा जीव जाईल. मग हसा म्हणावं."

त्याचा बेत साधा होता. शेजाऱ्याचा एक तपकिरी गोऱ्हा कत्तलीला निघालेला. तो आल्वारने मागून आणला. तो गोऱ्ह्याला घेऊन जंगलात जाणार, मी फाटकाशी उभी राहून हाक मारणार, गोऱ्हा येणार आणि स्तेलान कुऱ्हाड घालणार. स्तेलान कत्तलखान्यात कामाला होता, त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. कुरणावरच्या झोपडीच्या खिडकीत टेपरेकॉर्डर चालू.

मला मात्र बरं वाटत नव्हतं. सप्टेंबरात गुरं खाली गावात नेली की कुरण वित्रांचं, म्हणजे जमिनीखालच्या लोकांचं, असं आमच्याकडे मानतात. वित्रा दिसत नाहीत. त्यांची गुरं मात्र दिसतात. तेव्हा तिथे हाक मारायची नसते.

"मावशी नको म्हणाली असती," मी म्हटलं.

"मग वित्रांचे पण आभार मानू रेकॉर्डवर."

"चेष्टा करू नकोस, आल्वार."

"बरं बाई, नाही करत. तू नुसती हाक मार. मस्त मारतेस तू." त्याने माझी टोपी डोळ्यांवर ओढली आणि गोऱ्ह्याला घेऊन झाडांत गेला.

ते त्याचं मला ऐकू आलेलं शेवटचं बोलणं.

मी हाक मारली.

काही नाही.

दुसरी मारली... आणि पाखरं गप्प झाली.

मग जंगलातून... घंटा वाजली.

"घंटा बांधली होती का त्याला?" मी विचारलं.

"छे," स्तेलान म्हणाला.

झाडांतून एक पांढरी गाय आली. हाडापेरानं मोठी, स्वच्छ. फाटकाशी येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मान हलवली की घंटा वाजे.

"ही कुणाची आणली याने?" स्तेलान हसला. "तुझ्या भावाला हौस भारी. उघड फाटक."

मी उघडलं. गाय आत आली. माझ्या तळहाताला तिने तोंड लावलं. ते ऊन होतं. मला तिची दया आली, इतकी की मी मान वळवली.

कुऱ्हाड बसली.

ती गुडघ्यांवर आली, पण पडली नाही. घंटा वेड्यासारखी वाजू लागली.

"मरत कशी नाही ही," स्तेलान पुटपुटला. कत्तलखान्यात त्याला दुसरा घाव कधी घालावा लागला नव्हता. "धर गं तिला."

मी दोन्ही हातांनी शिंग धरलं.

त्याने परत घातली. परत. रक्त माझ्या तोंडावर उडालं, डोळ्यांत गेलं. शेवटी घंटा थांबली.

तेवढ्यात जंगलातून... तपकिरी गोऱ्हा बाहेर आला. एकटाच. दोर जमिनीवर ओढत.

मी खाली बघितलं.

माझ्या मुठीत शिंग नव्हतं. केस होते. आल्वारचे.

स्तेलानला तुरुंग झाला, मला इस्पितळात ठेवलं. सगळं मिळून जे काही ठरलं ते असं, की दोन नशेबाज पोरांनी तिसऱ्याला मारलं. आम्ही कॉफीखेरीज काहीही प्यायलो नव्हतो.

पोलिसांनी मला टेप ऐकवली. माझी हाक. मग घंटा. घंटा, घंटा, आणि कुऱ्हाड.

समोरचा पोलीस दाढीवाला, आडदांड माणूस. तो रडत होता.

"तुला तुझ्या भावाचा आवाज ऐकू येत नाहीये?" त्याने विचारलं.

"कुठे?" मी म्हटलं.

त्याने मागे नेऊन परत लावली. मला घंटाच ऐकू आली.

आईनेही ऐकली ती टेप. तो काय म्हणत होता, एवढंच मला हवं होतं. किती वर्षं मी तिच्या मागे लागले. एकदाच बोलली. "तुझं नाव घेत होता. गुनवोर, फाटक उघड म्हणाला. मग म्हणाला, गुनवोर, सोड." त्यानंतर तिने हा विषय काढू दिला नाही.

तरीही तिने मला घरात घेतलं. आम्ही दोघी तीस वर्षं एकत्र राहिलो.

या ऑक्टोबरात मी स्वयंपाकघरात हरणाचं मांस कापत होते. पाठीमागे... घंटा वाजली.

वळून बघितलं तर दारात आई. ओठ हलत होते तिचे. मला काहीतरी विचारत होती. मला घंटाच ऐकू येत होती.

ती आईच होती अजून. पांढरे केस, निळा स्वेटर. पण सुरी माझ्या हातात होती, आणि मला एकाएकी तिची फार दया आली.

मी सुरी बाहेर बर्फात फेकली. दुसऱ्या दिवशी आईला ऑस्टरसुंडला मामेभावाकडे पोचवलं. कारण सांगितलं नाही. काय सांगणार?

ती रोज फोन करते. मी उचलते. पलीकडे घंटा वाजते. मधे थांबते, म्हणजे ती उत्तराची वाट बघत असणार. मी म्हणते, "हो, आई." तिला बरं वाटावं म्हणून.

घरी येऊ का, असं विचारत असेल... तर मी रोज हो म्हणतेय.