टिपकागदातलं निळं फूल

१९५८ साली मी एकोणीस वर्षांची होते. लाकडाच्या गिरणीत करवत लागून बाबांच्या पायाला झालेली जखम महिनाभर भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "सोमवारपर्यंत वाट पाहू. नाहीतर पाय काढावा लागेल."

आत्या संग्रहालयात वाळलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून त्यांच्या नोंदी ठेवायची. तिला एक फूल ठाऊक होतं. निळंशार, आणि त्याच्या कंदाचा लेप चिघळलेली जखम सुकवतो म्हणे. गुरुवारी पहाटे आम्ही दोघी जंगलात शिरलो. बरोबर वाटाड्या होता. त्याचं तोंड क्षणभर मिटत नसे, म्हणून सगळे त्याला 'मुका' म्हणत.

तीन दिवस दरडी, काटे, जळवा! निळा ठिपकासुद्धा दिसला नाही. ओल्या खडकांवर पांढऱ्या फुलांचे झुपके मात्र जागोजाग डुलत होते, गर्द सावलीत दिव्यासारखे उजळत होते. मुक्यानं एक फूल टोपीत खोचलं.

"नवरदेव, फेका ते," आत्या करवादली. "आपण निळं शोधतोय."

"ताई, इथं निळं म्हणाल तर आभाळ. नाहीतर थंडीनं माझं नाक!"

रविवारी आम्ही रिकाम्या हातांनी परत फिरलो. कड्यावरच्या अरुंद वाटेवर माझ्या पायाखालचा दगड निसटला. मी घसरले! खाली खोल दरी. हाताला पांढऱ्या फुलांचा झुपका लागला, तो मी गच्च आवळला. मुळं एकेक तुटू लागली.

"हलू नकोस!" मुका ओरडला. दोर आला. हुकला. पुन्हा आला! मी एका हातानं तो धरला आणि त्याच क्षणी झुपका कंदांसकट उपटून आला.

वर ओढल्यावर आत्यानं माझा तळवा पाहिला. निळाशार!

तिनं माझ्या हातातला झुपका ओढून घेतला. "चुरगळलं की निळं होतं हे! वीस वर्षं टिपकागदात दाबलेलंच पाहिलं गं मी. जिवंत कधी पाहिलंच नाही."

"आणि मला टोपीतून फेकायला लावलंत!" मुका म्हणाला.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी नाक मुरडत लेप बांधू दिला आणि आठवडाभर थांबायला ते तयार झाले. पाय वाचला. बाबा पुढं सत्तावीस वर्षं लंगडत का होईना, स्वतःच्या दोन्ही पायांवर चालले. मुका म्हातारपणी ठार बहिरा झाला, पण बोलायचा थांबला नाही. आत्यानं आपल्या हातची जुनी नोंद खोडून 'रंग पांढरा' असं लिहिलं, आणि मग दरवर्षी रजा काढून ती जंगलात जाऊ लागली, कपाटातली बाकीची फुलं जिवंतपणी कशी दिसतात ते पाहायला. ती थकेपर्यंत तिचा दोर मीच धरला.