शेवटच्या घरची आरती

आधीच सांगतो, हे खरं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, उगाच माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

भास्करकाका माझे सख्खे काका. गेल्या गणेश चतुर्थीला, तिन्हीसांजेला, रत्नागिरीत आमच्या आळीत त्यांच्याबरोबर हे घडलं.

आमची आळी म्हणजे कारकून, मास्तर आणि बोटीवर जाणारे खलाशी. पगार बेताचे, पण गणपतीत आरती घरोघर फिरायची, सगळ्यांनी मिळून.

मग पोरं मुंबई-पुण्याला गेली. म्हातारी माणसं एकेक करून वारली. चिऱ्याची घरं पाडून बिल्डिंगी उभ्या राहिल्या. जयगड बंदरातले मोठ्या पगाराचे साहेब तिथे भाड्याने आले. माणसं वाईट नाहीत हो! पण लांबची, आज इथे, उद्या बदली. त्यांना आमची आरती कुठून येणार?

उरलं एकच घर. काकांचं.

तेही त्यांनी विकलं होतं. गणपती झाले की ताबा द्यायचा आणि पुण्याला मुलाकडे, वेदकडे जायचं. नात अवनी तिथे. तिच्यात काकांचा जीव. नेमका तिला ताप आला, म्हणून वेद आला नाही, काकीही तिकडेच.

काकांनी एकट्यानेच आरती सुरू केली.

दुसऱ्या कडव्याला... मागे झांज वाजली.

शेजारचं कोणी आलं असेल. बरं वाटलं बिचाऱ्यांना.

मग टाळ्या. मग आवाज... एक, दोन, घरभर.



सगळ्यांच्या पुढे पळणारा तो आवाज बाळा खलाशाचा होता. बाळा केव्हाच गेलाय. मागचा किनरा सूर येसूबाईचा. तिला तर काकांनीच खांदा दिलेला!

आरती अर्धवट सोडायची नाही. काका डोळे मिटून म्हणत राहिले.

आरती संपली. झांज थांबली...

आणि अगदी कानाशी बाळा म्हणाला, "भास्करा, पुढच्या वर्षी कुठे यायचं रे आम्ही?"

आता काय सांगू! जन्माची सवय मेली. आरतीला येणाऱ्याला आमच्याकडे कोणी नको म्हणत नाही. काकांच्या तोंडून निघून गेलं, "या की पुण्याला, वेदकडे."

"येतो," बाळा म्हणाला.

मागून सगळे म्हणाले... "येतो."

काका वळले. पडवीत कोणी नव्हतं.

घर गेलं, पण काका पुण्याला गेलेच नाहीत. रत्नागिरीजवळच हातखंब्याला भाड्याच्या खोलीत राहतात. अवनी फोनवर म्हणते, "आजोबा, या ना." हा माणूस फोन ठेवून रडतो.

यंदा वेद पुण्यातच गणपती बसवतोय. काकांनी परोपरीने सांगितलं, "नको रे आणूस." का, ते मात्र सांगवेना.

"बाबा, मूर्ती सांगून झाली," म्हणून वेद चिडला.

परवा काका आळीत गेले. आमंत्रण मागे घ्यायला. त्यांच्या घराच्या जागी पत्रे ठोकलेत, आत नुसता खड्डा. बाहेर नवा वॉचमन.

त्याने विचारलं, "किससे मिलना है?"