मधला नंबर

दुपारी जेवणाचा डबा उघडत होते, तेवढ्यात औ आला. आमच्या दुकानांचं संगणकाचं काम तोच बघतो. ताइनान शहरात आम्ही मेलेल्यांसाठी कागदी घरं, कपडे, चपला बनवतो; जाळलं की ते त्यांना पोचतं. दारावर ऑर्डर नंबर चिकटवायचा आणि नंबरवारीच जाळायचं, हा आमच्या मालकीणकाकूंचा नियम. मधला एक जरी गाळला, तर पुढचं कुणालाच पोचत नाही, असं त्या म्हणतात.

माझा नवरा त्सुंग-यी गेला, तेव्हा त्याचं घर असंच जाळलं. मग चिआयी शहरातल्या आमच्या दुसऱ्या दुकानातून तक्रार आली. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या घरालाही तोच नंबर होता. सुनेच्या स्वप्नात येऊन तो म्हणाला, माझ्या घरात कुणीतरी परका बसला होता, त्याला हाकललं. मला रडू आलं नाही. हल्ली काहीच येत नाही. त्सुंग-यीला घर नाही, एवढं मात्र कळलं.

"तुम्ही आणि चिआयीच्या दुकानातल्या बाईंनी एकदमच बटण दाबलंत, वहिनी," औ म्हणाला. "दोघींना शेवटचा नंबर एकच दिसला, म्हणून पुढचाही एकच मिळाला. आता कुलूप घातलंय. एकीचं होईस्तोवर दुसरीने थांबायचं."

यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट त्याने उलटून पाहिलं. "मुदत संपलीय की! मग ते कसलं ऐकतंय?" त्याने नवं पाकीट ठेवलं.

मी त्सुंग-यीसाठी पुन्हा घराची ऑर्डर टाकली. पडद्यावर आलं : थांबा, नंबर दुसरीकडे दिला जात आहे.

"चिआयी?"

"आज बंद आहे ते..." औने चिआयीशी जोडणारी वायर काढली. अक्षरं तशीच राहिली. खळीचा आंबूस वास दाटला. आतल्या खोलीत इतका वेळ चाललेली कात्री थांबली.

मग मला नंबर मिळाला, तीनशे सोळा. औने तीनशे पंधरा उघडला. ऑर्डर देणाऱ्याची जागा कोरी होती. बायकांच्या चपला, एक जोड. माप माझं. पोचवायच्या त्सुंग-यीकडे.

"खोडतो मी... तुमच्या चपला तिकडे पोचल्या, तर तुम्हीही..." औ पुटपुटला.

"मधला खोडलास, तर त्याचं घर पोचेल?"

त्याने बटणावरून बोट काढलं.

आतून काकू आल्या. "युए-न्यू, या कुणी केल्या गं? टेबलावर पडल्या होत्या."

मी कागदी चपला हातात घेतल्या. डावी टाच बाहेरच्या अंगाने झिजली होती, माझी झिजते तशी. त्सुंग-यी उघड्यावर होता. मी तीनशे पंधराची चिठ्ठी छापली आणि चपलांवर चिकटवली.